एका सकाळीत बांधलेला उतार

"तुम्हाला पटायचं नाही, पण हा उतार मी एका सकाळीत बांधलाय," गवंडीआजोबा शाळा भरायच्या आधी दारात जमलेल्या पोरांना सांगत होते. आजवर बापाच्या पाठीवर बसून शाळेच्या पाच पायऱ्या चढणारी मुलगी आज आपल्या चाकाच्या खुर्चीतून, या नव्या उतारावरून वर्गात जाणार होती. उतार तिला जमेल ना, ही काळजी आजोबांना पहाटेपासून लागली होती, आणि त्यावर थापांखेरीज दुसरं औषध त्यांना ठाऊक नव्हतं. "ना दोरी लावली, ना पट्टी. सिमेंटला नुसता दम भरला, तर घाबरून तासाभरात वाळलं. वरून हत्ती गेला, पण साधा चरा नाही."

"हत्ती कुठाय?" एकाने विचारलं.

"गेला म्हटलं ना. मग दिसेल कसा?"

तेवढ्यात खुर्ची आली. "बाबा, तुम्ही तिथंच थांबा," म्हणत मुलीने चाकांना हात घातला. अर्ध्यावर ती जराशी थबकली, तसे आजोबांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. ती वर पोचली, दम खाल्ला आणि खुर्ची वळवून पोरांना म्हणाली, "एका सकाळीत म्हणे. साफ खोटं. दोनदा फोडलाय यांनी हा उतार. मी चढून बघायचे, आणि मागून कुणाला बोट जरी लावावं लागलं, की चढ खडा झाला म्हणत आजोबा पुन्हा घण उचलायचे."