स्वयंभू गंधार

केतकीने तानपुऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवला आणि खर्ज छेडला. तिच्या वडिलांच्या, आबांच्या, कृत्रिम कानात आज सकाळीच नवा भाग बसवला होता.

"आबा, गंधार येतोय ऐकू?"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकही तार गंधारात लावलेली नव्हती, तरी खर्जाच्या पोटातून तो आपोआप उमटत होता. जुना कान फक्त मूळ स्वर पोचवायचा आणि त्यातून उठणारे बारीक स्वर गोंगाट समजून गाळून टाकायचा. त्यामुळे तानपुरा मुका वाटायचा आणि एका पट्टीतली सगळी माणसं एकाच आवाजात बोलायची.

केतकी खुशीत आईची बंदिश गायला लागली, आईच्याच पट्टीत. आई गेल्यापासून ती रोज संध्याकाळी हेच गायची आणि आबा डोळे मिटून मान डोलवायचे.

आज त्यांनी मध्येच डोळे उघडले.

"काय झालं, आबा? चुकलं का काही?"

"नाही गं. छान गातेस तू." त्यांचा हात कानाकडे गेला. "तो जुना कान परत बसवतील का?"

"अहो, पण का?"

"त्यात रोज तुझी आई गायची."