त्याच दिवशी घरी

उंब्रजची हायवेवरची खानावळ पारूबाईच्या भाकऱ्यांवर चालायची आणि पारूबाई पहाटेपासून शेगडीपुढं उभी असायची. पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या, गाठाळलेल्या शिरा वर्षानुवर्षं कुणाला दिसल्या नाहीत. घोट्यापाशी जखम चिघळली आणि गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं, तेव्हा कुठं धोंडिरामला बायकोची दया आली.

सांगलीच्या डॉक्टरबाईंपुढं बापलेक मिक्सर घ्यायला आल्यासारखे ऐसपैस बसले. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून पारूबाई मागं उभी राहिली. लेकानं, प्रशांतनं, मोबाईलवर सगळा अभ्यास केला होता. तो बापाला सांगायला लागला,

"लेसर नको, दादा. त्यात पायाला घट्ट मोजे चढवून बसायचं. फोमच्या इंजेक्शनाला परत परत यावं लागंल. त्यापरीस ग्लू लय भारी! शीर आतनं चिकटवून टाकत्यात, आन् आई त्याच दिशी घरी."

"म्हंजी सांजच्या भाकरीला उभी ऱ्हाईल न्हवं?" धोंडिरामनं खात्री करून घेतली. "मग त्येच करा, डॉक्टरबाई. आमचं ठरलं."

डॉक्टरबाईंनी दोघांकडं एकदा नीट पाहिलं. मग त्यांच्या डोक्यांवरून मागं बघत विचारलं, "मावशी, पाय तुमचे आहेत. तुम्हाला काय हवंय?"

पारूबाईला असं कुणी विचारायची सवय नव्हती. ती टेबलाजवळ आली, नवऱ्याकडं न बघता हळूच म्हणाली,

 

"बाई, ज्यात लय दिस आंथरुणावर पडून ऱ्हावं लागतं, असं एखादं न्हाई का?"