पांढरे रूळ
"रुळांना पावडर फासतेस? लग्न लावायचंय त्यांचं?" निवृत्त रेल्वेवाले कुर्दिन लेकीला महिनाभर चिडवत होते. रुळांची देखभाल करणारी उर्सिना मात्र रूळ थंड राहावेत म्हणून त्यांना पांढरा रंग देत राहिली. उन्हाळ्यात रूळ वाकायच्या भीतीने गाडी रांगत यायची. गावकरी बिअर निवांत संपवूनच स्टेशनकडे निघायचे. आजही रांगली, तर रंगकाम बंद, असा वरून हुकूम होता! ऊन भाजून काढत होतं. रुळाला चिकटवलेल्या तापमापकाचा काटा चढत चढत लाल खुणेच्या अलीकडेच थांबला. उर्सिना फोनवर नियंत्रण कक्षाला ओरडलीच, "येऊ द्या पूर्ण वेगात!" कूर शहराला जाणारी गाडी सुसाट आली, ठरल्या वेळी सुटलीसुद्धा. तेवढ्यात खानावळीतून कुर्दिन धावत आले. हातात कूरमधल्या आपल्या भावाच्या वाढदिवसाचा केक, मिशांना बिअरचा फेस. "बाबा, चुकली की गाडी!" "चुकली कुठली? वेळेवर गेली, पोरी!" म्हाताऱ्याने टोपी भिरकावली. "काप केक! लागलं तुझ्या रुळांचं लग्न!"