काल दुपारचं गाणं

कॉम्प्युटरवरचं इतिहासाचं पान पुन्हा कोरंच निघालं.

"बघ, आत्ताही काही नाही," आई टेबलावरच्या फोनला म्हणाली. पलीकडून तिची मुलगी ऑफिसातून बोलत होती. "काल अख्खी दुपार कॉम्प्युटर चालू होता. आणि हा म्हणतो, तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. धडधडीत खोटं!"

"आई, एकदा बंद करून उघड ना."

"सकाळपासून दुसरं काय करतेय?"

खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'हो'. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. "एवढ्या संसारात पहिल्यांदाच माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणताय," असं आई म्हणायची. त्यावरही ते हो म्हणायचे.

आणि काल ते गायले होते.

कॉम्प्युटरवर एकामागून एक निरूपणं आपोआप लागत होती. सांगणारा देवाची गोष्ट सांगता सांगता मध्येच गाऊ लागला, आणि त्याच्या आवाजात बाबांचा आवाज मिसळला. अख्खी ओळ, शब्दांसकट. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत येईपर्यंत ती संपलीही होती. आईच्या कानात फक्त चाल राहिली, आणि 'दिवा' एवढा एक शब्द. बाबांना बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, "तेच पुन्हा लावा. रोज लावा. गाण्याच्या वाटेनं बोलणं परत येऊ शकतं."

तेच म्हणजे कुठलं, हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक होतं. आणि तो दाद देत नव्हता. 'दिवा' टाइप करून पाहिलं, तर विजेचे दिवे विकणारी दुकानं आली.

"थांब जरा," आई म्हणाली. ती जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. चिडून रोगी बरा होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं हवामानाचं एक पान उघडलं. मग इतिहास उघडला. हवामान तिथे होतं. ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला. हवामान गायब.

"म्हणजे लिहून ठेवतोय गं हा. बंद होताना पुसून टाकतोय."

"हां! मग सेटिंग्जमध्ये जा. 'गोपनीयता' दिसतंय? त्यात खाली खाली ये."

आईनं चष्मा नाकावर सरकवला. "'बंद करताना सर्व माहिती पुसा.' पुढे बरोबरची खूण आहे."

"ती कुणी केली?"

थिएटरमधला शेवटचा चिमटा पुसून जागेवर ठेवल्याशिवाय आईनं कधी घरचा रस्ता धरला नव्हता. नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यानं 'पुसू का?' म्हणून विचारलं, तेव्हा तिला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

"मीच," ती म्हणाली.

"धन्य आहात, सिस्टर!" मुलगी खळखळून हसली. मग तिचा आवाज उतरला. "खूण काढून टाक. यापुढचं सगळं राहील. पण आई, कालचं गेलं. ते नाही येत परत."

"बरं. तू लाग कामाला."

"अगं, आणि तू काय करणार? हजारो असतील तिथे."

"एकेक ऐकणार," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

खूण काढली. ब्राउझर बंद केला, उघडला. हवामान जागच्या जागी. "आता कसा वळणावर आलास," असं त्याला बजावून तिनं पहिलं निरूपण लावलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. दुसरं लावलं, तिसरं लावलं. ऐकलेलं प्रत्येक आता इतिहासाच्या पानावर उमटत होतं. निदान तेच ते पुन्हा ऐकावं लागणार नव्हतं. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं. बाबा बाहेरच बघत होते.

इतक्या चाली कानावरून गेल्या, की कालची हातची जाते की काय, अशी धास्ती तिला वाटू लागली. तिनं आवाज बंद केला. "अहो, असं होतं ना हो ते?" पडद्यावरची नजर न काढता ती गुणगुणू लागली. "ना ना ना, दिवा ना ना..." आणि वर जायच्या जागी ती सरळ खाली उतरली. सुराशी तिचं कधी जमलं नव्हतं. आणि बेसूर ऐकून गप्प बसणं बाबांना कधी जमलं नव्हतं. पूर्वी ते न्हाणीघरातूनसुद्धा ओरडून तिची चूक दुरुस्त करायचे.

मागे खुर्ची करकरली. बाबांनी चांगल्या हातानं खुर्चीच्या दांडीवर थाप मारली. एक 'हो' अर्धाच बाहेर आला आणि मागे गेला. पुन्हा थाप पडली. आणि मग,

"येई उशिरा, येई सावकाश, दिवा मी मालविला नाही!"

शब्द जरा घसरले. सूर मात्र जिथे हवा तिथेच उभा होता.

आईचा हात माउसवर तसाच राहिला. वळलो तर आपल्याला रडू फुटेल आणि ते थांबतील, म्हणून ती वळली नाही. ओळ सापडली होती, पण तिनं ती टाइपही केली नाही. घसा खाकरला, आणि तीच ओळ तिनं मोठ्यानं म्हटली. त्याच जागी, या वेळी मुद्दाम, आणखी खाली उतरून.