उलट उत्तर

गळ्याच्या ऑपरेशनात ह्यांचा आवाज गेला. आयुष्यभर देवाचं गाणारा माणूस खचला. मन रमावं म्हणून त्यांना अभयारण्यातल्या पुरातन किल्ल्यावर नेलं. "आता उलट उत्तर द्यायची सोय नाही हं," चढताना मी चिडवलं, ते हसले. माथ्यावर कातळात कोरलेलं खोल, अंधारं पाण्याचं टाकं होतं. ते काठाशी वाकले. "अहो, जपून!" मी ओरडले. आतून त्यांचाच जुना आवाज आला, "जपतोय गं!" त्यांचे ओठ मिटलेले होते. चेहरा उजळला, ते आवाजाकडे टाक्याच्या पायऱ्या उतरू लागले. पुन्हा उत्तर नको म्हणून मी गप्प राहिले, तर आतून माझ्याच आवाजात हाक आली, "अहो, या ना!" ते पाण्यात उतरले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना नावाने हाक मारली. ते दचकून वळले. हात धरून धावलो. मागे कातळ अडखळत ते नाव शिकत होता.