शीतघरातली कोमट पिशवी

व्हिएन्नाच्या त्या कारखान्यात दात्यांच्या प्लाझ्मापासून रक्त गोठवणारं औषध बनायचं. गेरट्राउड तिथल्या शीतघरात कामाला होती. तिच्या नवऱ्याचं, लेओपोल्डचं रक्त जन्मापासून गोठतच नसे. आज तो इस्पितळात होता. रक्त थांबत नव्हतं आणि औषध उद्याशिवाय मिळणार नव्हतं.

प्लाझ्माच्या दगडासारख्या गोठलेल्या पिशव्यांत एक पिशवी तिच्या हाताला कोमट लागली. आत काहीतरी धडधडत होतं. तिनं ती छातीशी घट्ट धरली.

"वेड लागलंय का तुला? माल नासेल!" म्हणत सोबतच्या हेर्मिनानं ती हिसकावून पुन्हा फळीवर टाकली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत गेरट्राउडला इस्पितळातून फोन आला. नर्स म्हणाली, "बाई, रक्त थांबलं! पण तुमचे मिस्टर गारठलेत हो. सारखं म्हणतायत, 'गेरट्राउड, मला इथून बाहेर काढ.'"

ती परत शीतघरात धावली. फळीवरच्या सगळ्या पिशव्या आता सारख्याच गोठल्या होत्या.