बाहेरची कडी

दिवेलागण झाली, तसं सुलूमावशीने आतून लोखंडी दारावर थापा मारल्या. तरंगत्या फळ्यांवरून तिला भेटायला आलेल्या केतकीने कडी काढली.

"बरा झाला इलंस गो," मावशी म्हणाली. "तिन्हीसांजेक दार उघडा नको? लक्ष्मी येतली कशी?"

समुद्राने गाव गिळल्यापासून सगळी वाडी या तरंगत्या लोखंडी पेट्यांतच राहत होती. वादळातही त्या बुडत नसत. केतकीनेच त्या बेतल्या होत्या, समुद्रात शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, वाढवायला. पुनर्वसनवाल्यांनी आराखडा मागितला, तेव्हा तिने तो मोठ्या अभिमानाने जसाच्या तसा देऊन टाकला होता.

मावशीने निरांजन लावलं. "सगळा बरा केलंस. पण कडी आतसून कित्याक नाय?"

शेवंडं मिशांनी चाचपत दार ढकलतात, हे केतकीच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"राहून गेलं, मावशी."

"असांदे. सकाळी शेजारीण उघडता." मावशी हसली. "जाताना तेवढी कडी लाव हां. दार उघडा रवला तर लाट आत येता."

निघताना केतकीने दार ओढलं. कडी तिने बेतली होती तशीच, एका बोटाने, अलगद बसली.